दोन वेण्या, लाल फिती

माझी नात रविवारी सकाळी न्हाते आणि दुपारपर्यंत आरशासमोर असते. केस आणखी कुरळे दिसावेत म्हणून. कसलीशी जेली चोपडते, जुना टी-शर्ट डोक्याला गुंडाळते आणि मला बजावते, "आजी, हात नको लावू, कर्ल्स बिघडतात." मी हात लावत नाही, लांबूनच हसते. तिच्याहून थोडी मोठी असताना मीही रोज सव्वा तास आरशासमोर घालवत असे. केस तेच, वळणं तीच. फक्त ती कुणाला दिसू नयेत यासाठी. खोबरेलानं माखायचे, ओल्या फडक्यानं दाबायचे, काळ्या पिनांनी खिळवायचे आणि मागून गंगावन जोडायचं. नातीला गंगावन ठाऊक नाही. तिला सांगितलं, दुसऱ्याच्या केसांची विकत मिळणारी वेणी. "ईऽऽ," म्हणाली. तेव्हा मला कुणी वेळेवर 'ई' म्हटलं असतं तर पुष्कळ बरं झालं असतं.

एका बाईंनी म्हटलं होतं. त्या आमच्या शाळेत भूगोल शिकवत; मीही तिथेच शिकवायची. त्यांचं नाव इथे लिहीत नाही; शाळेतही ते फार कमी वेळा घेतलं जाई. मुली त्यांना 'झिपरीबाई' म्हणत. शिक्षिकांच्या खोलीत त्यांचा उल्लेख 'त्या' असा होई. मी समोर 'बाई' म्हणायची आणि पाठीमागे, इतरांच्या वर आवाज काढून, 'त्या'.

बाईंचे केस खांद्यापर्यंत येऊन थांबले होते, कारण तसले केस खाली वाढत नाहीत, आडवे वाढतात. दारातून आधी केस आत येत, मग बाई. तेल नाही, पिन नाही, फणी नाही. बोटं फिरवली की झालं. पेन्सिल वापरून झाली की केसांत खोचायच्या आणि विसरायच्या. फळ्याशी उभ्या असताना खडू संपला की हात डोक्यात जायचा, आणि बहुतेकदा काहीतरी मिळायचंच. एकदा तपासणीला साहेब आले असताना त्यांनी डोक्यातून दोन पेन्सिली, एक खडू आणि बसचं तिकीट काढून टेबलावर मांडलं होतं. साहेब पुढचा अर्धा तास भूगोल सोडून त्या केसांकडेच पाहत बसले, अजून काय निघतं म्हणून. एप्रिलच्या उन्हात मधल्या सुट्टीत बाई शाळेच्या नळाखाली डोकं धरत आणि तशाच ठिबकत वर्गात जात. पहिल्या बाकावरच्या मुली मुकाट्यानं वह्या मागे घेत.

बोलणंही केसांसारखंच, मोकळं. आम्ही सगळ्या शाळेत 'मला-तुला' करत होतो, घरी कितीही 'मले-तुले' असलं तरी. बाई मुख्याध्यापिकांसमोरही 'मले' म्हणत. नकाशा शिकवताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "नकाशात सरळ रेघ दिसली का समजा, कोनीतरी पट्टी ठेवून जमीन वाटली हाय. नदी कधी सरळ गेली काय वं?" मी गणिताची. सरळ रेषेवर माझं पोट. मला ते वाक्य उगाच टोचायचं.

आता माझं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि मला स्वतःची टर उडवायला आवडतं.

मी कळमेश्वरची. घर बौद्धांचं, माझ्या जन्माआधीच दीक्षा घेतलेलं. नोकरी नागपुरात लागली तेव्हा महाल या जुन्या, सोवळ्या वस्तीत एका काकूंकडे माडीवरची खोली मिळाली. आडनाव असं, की ऐकणाऱ्याला हवं ते समजता यावं. काकूंनी हवं ते समजून घेतलं आणि मी समजू दिलं. घरून आणलेली टीचभर बुद्धमूर्ती ट्रंकेत स्वेटरखाली होती. नागपूरच्या उन्हाळ्यात स्वेटर कोण काढतं? फार सुरक्षित जागा. राहता राहिले केस. ते ट्रंकेत ठेवता येत नव्हते. आमच्या घरात सगळ्यांचे स्प्रिंगसारखे, आणि माझ्या मनानं तेव्हा पक्कं धरलं होतं की हे केस दिसले की बाकी सगळं आपोआप दिसतं. म्हणून महालातल्याच एका गल्लीतून मी लांब, काळंभोर, सरळ गंगावन घेतलं. काकू सकाळी जिन्यात गाठून म्हणत, "किती सुरेख केस गं तुझे! घराणं दिसतं हो केसांत." मी मान खाली घालायची. विनयानं नव्हे, पिन सैल झाली असेल तर मान हलवलेली बरी नसते.

बाईंनी ओळखलं होतं हे मला आठवीच्या वर्गात कळलं.

फळ्यावर वर्तुळं काढायचं माझं मोठं लाकडी कंपास त्यांनी पृथ्वी काढायला नेलं होतं, ते परत घ्यायला मी वर्गाच्या दारात गेले. धडा होता मानवाच्या वंशांचा. त्या काळच्या पुस्तकात लिहिलेलं असे, अमक्या वंशाचे केस सरळ, तमक्याचे लोकरीसारखे. बाईंनी पुस्तक मिटून ठेवलं होतं. टेबलावर साबणाच्या पाण्याचं भगुणं होतं आणि शेजारी पांढरा पुठ्ठा. प्रत्येक मुलीचा एकेक केस उपटून घ्यायचा, पाण्यात खळबळून तेल काढायचं, वाळवायचा आणि पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवायचा. खाली फक्त नंबर. कोणता नंबर कोणाचा ते बाईंच्या चिठ्ठीत.

"पुस्तक म्हणते केसावरून मानूस कळते," बाई वर्गाला म्हणाल्या. "चला. आज पाहू, तुमाले कोन कोन कळते." मग मी दिसले. "या मॅडम, तुमचाबी एक द्या."

तीस मुली माझ्याकडे वळल्या. मी मागे हात नेला आणि गंगावनातला एक केस ओढून दिला. दुखलं नाही. त्यावरूनच बाईंना कळलं असणार, पण कळायचं काही उरलं होतं असं मला वाटत नाही.

वर्ग एकेका केसावर तुटून पडला. सात नंबरचा केस असा गोल गोल होता की पुठ्ठ्यावर राहीना. "ही शेवटच्या बाकावरची! वस्तीतली!" वर्ग एका सुरात ओरडला, आणि शेवटच्या बाकावरची ती मुलगी दप्तरात काहीतरी शोधायला खाली वाकली. बाईंनी चिठ्ठी उलगडली. सात नंबर संस्थेच्या सचिवांच्या मुलीचा होता. रोज तेलानं चापून घट्ट दोन वेण्या घालून येणारी मुलगी. तिचे केस कुरळे आहेत हे तिलाही त्याच दिवशी कळलं असावं. आधी वर्गात हसू फुटलं, मग ती रडायला लागली.

शेवटी एकतीस नंबर. लांब, सरळ, चकचकीत. "महालातली!" मुली म्हणाल्या. "नक्की महालातली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी दाराची कडी धरली.

"शाबास," बाई म्हणाल्या. "हे केस महालातूनच आले."

सुट्टीत त्यांनी मला जिन्यात गाठलं. जिना ही माझी अवघड जागाच होती, घरी काय, शाळेत काय.

"चांगल्यातलं घेतलं वं," त्या म्हणाल्या. "कोनाचे हायेत, विचारलं काय दुकानदाराले?"

"कोणाचे म्हणजे? दुकानातले."

बाई इतक्या हसल्या की डोक्यातून एक पेन्सिल पायरीवर पडली. "दुकानाले काय केस उगतात? केसांवर वाटी देनारी बाई नाही येत काय तुह्या गावात? तुह्या मायनं नाही देल्ले कधी?"

दिले होते. आई विंचरताना निघालेले केस गुंडाळून भिंतीच्या फटीत कोंबून ठेवायची. सहा-आठ महिन्यांनी डोक्यावर टोपली घेतलेली बाई ओरडत यायची, "केसांवर वाटी, केसांवर पिना!" आमच्या घरातल्या दोन स्टीलच्या वाट्या आईच्या डोक्यातून आलेल्या. मी त्यातच वरण खाऊन मोठी झाले.

"मंग पाह्य," बाई म्हणाल्या. "थेच केस धुऊन, ताणून, सरळ करून बाजारात येतात. तुह्या मायनं वाटी घेऊन देल्ले अन् तू पैसे देऊन वापस आनले. अन् आता थेच डोक्यावर लावून मायपासून लपून राह्यली."

मी काहीतरी रागाचं बोलले. काय ते आठवत नाही, शुद्ध मराठीत बोलले एवढं आठवतं. बाईंनी ते ऐकूनच घेतलं नाही. माझ्या मागे येऊन म्हणाल्या, "थांब. मागची पिन निघून राह्यली." आणि पायरीवर उभ्या राहून त्यांनी माझं गंगावन नीट, घट्ट खोचून दिलं.

त्यानंतर मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले. काकूंना सांगितलं, रामटेकला दर्शनाला जाते. गेले इंदोऱ्याला, आमच्या लोकांच्या वस्तीत. दोन खोल्या, आणि दारात पाट टाकून बसलेली बाईंची आई. केस पांढरे, बारीक कापलेले, आणि मान उजव्या बाजूला कललेली, कुणाचं तरी लांबून ऐकत असल्यासारखी. मला वाटलं, ऐकू कमी येतं. मी मोठ्यानं बोलू लागले.

"वरडू नको बाई, आयकू येते मले," म्हातारी म्हणाली. "मान तशीच हाय."

चहा करता करता बाईंनी सांगितलं. तरुणपणी आईच्या डोक्यात उजव्या बाजूला जट आली. गाव म्हणालं, देवी आली. बारा वर्षं त्या जटेला ना फणी ना पाणी. मनगटाएवढी झाली, कमरेखाली आली. मंगळवार-शुक्रवार बाया पाया पडायला येत आणि आई त्या ओझ्यानं मान टाकून बसलेली असे. दीक्षा घेतली त्या वर्षी घरी परतून आईनं स्वतःच विळ्यावर ती जट कापली.

"कापली अन् मान उचलाले गेली," म्हातारी म्हणाली, "तं मान ये ना. हलकं लागे, बापा, लई हलकं. पन मान आयके ना."

बाई कपात चहा ओतत होत्या. "मी तवा दहा-अकरा वर्साची. त्याच दिवशी ठरवलं. माह्या डोक्याले कोनी काही बांधाचं नाही. देवानं नाही का मानसानं नाही."

म्हणजे ते केस मला वाटत होते तसे आळशीपणानं मोकळे नव्हते. मला हे कळलं होतं. पुढे मी जे केलं ते कळत नव्हतं म्हणून केलं, असं म्हणायची सोय मला नाही.

सचिवांच्या मुलीच्या रडण्याचा निकाल पंधरा दिवसांनी लागला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला खोलीत बोलावलं. टेबलावर निवेदन होतं. त्यात पुठ्ठा नव्हता, सात नंबर नव्हता, सचिवांचं नावसुद्धा नव्हतं. 'भूगोलाच्या शिक्षिका केस मोकळे सोडून शाळेत येतात, त्यामुळे विद्यार्थिनींच्या शिस्तीवर अनिष्ट परिणाम होतो,' एवढंच. खाली दहा सह्या.

बाईंची नेमणूक तेव्हा कायम नव्हती. दर जूनला नवा आदेश निघायचा. त्या पगारावर त्या दोघी मायलेकी जगत. निवेदन सचिवांकडे गेलं तर जूनला आदेश निघणार नाही, हे मला कळत होतं, दहा जणींना कळत होतं, आणि मोठ्या बाईंना तर आमच्याही आधी कळत होतं.

"तुम्ही कुठल्या हो?" मोठ्या बाईंनी विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"कळमेश्वर."

"अस्सं. आणि राहता महालात." त्या माझ्या वेणीकडे पाहत होत्या. "करा सही. म्हणजे तुमच्याबद्दल प्रश्नच नको."

मी केली. पेन त्यांनीच पुढे केलं, पण हात माझाच होता. अकरावी सही. आणि तो दिवस मला काही फार जड गेला नाही, हे सांगायलाच हवं. दुपारी मी शिवणाच्या बाईंकडून लोणच्याच्या मसाल्याची कृती उतरवून घेतली. मोहरीची डाळ किती, मेथी किती, सगळं नीट.

निवेदन बाईंना दाखवण्यात आलं. त्या शिक्षिकांच्या खोलीत आल्या, माझ्या खुर्चीजवळ थांबल्या. बाकी दहा जणी एकाएकी वह्या तपासू लागल्या.

"अकरा नंबर तुही नाही का?" बाई म्हणाल्या. आवाज जिन्यातल्यासारखाच, साधा. "सही मस्त सरळ आली वं."

बस्स. यापेक्षा जास्त त्या मला त्याबद्दल कित्येक वर्षं काही बोलल्या नाहीत, आणि मी तेवढंच अजून ऐकते आहे.

मोठ्या बाई मनानं दुष्ट नव्हत्या. बाईंना काढावं असं त्यांनाही नको होतं. भूगोल शिकवायला दुसरं कोण होतं? त्यांनी निवेदन खणात ठेवलं आणि सूचनावहीत सूचना काढली. ती वही आम्हा सगळ्यांकडे फिरे आणि 'वाचले' म्हणून सही करावी लागे. सूचना अशी होती: 'विद्यार्थिनींना लागू असलेला केशरचनेचा नियम यापुढे शिक्षिकांनाही लागू राहील.' लिहिताना मोठ्या बाईंच्या मनात अंबाडा होता. पण विद्यार्थिनींचा नियम होता दोन वेण्या, वर दुमडलेल्या, लाल फिती बांधलेल्या.

सोमवारी प्रार्थनेला बाई आल्या. तेलानं केस चापलेले, मधोमध भांग, दोन घट्ट वेण्या कानांवर दुमडलेल्या आणि दोन्हींना लाल फितींची फुलं. वय पस्तीस. हातात भूगोलाचं पुस्तक.

सबंध शाळा हसली. बाईही हसल्या. मोठ्या बाई धावत आल्या, "अहो, तसं नव्हे हो! शिक्षिकांनी आपलं नीटनेटकं..."

"काहून? नियम तं असाच हाय. बाकीच्याइनंच तोडला," बाई आमच्या अंबाड्यांकडे आणि माझ्या एका वेणीकडे पाहून म्हणाल्या. "दुसरं असन तं लेखी द्या."

लेखी द्यायचं तर सूचना मागे घ्यावी लागली असती, आणि ती वही सचिवांकडेही जात असे. मोठ्या बाईंनी लेखी दिलं नाही. बाईंनी वेण्या सोडल्या नाहीत. मंगळवारी हसणं कमी झालं. पंधरा दिवसांनी कुणी वर पाहीना. जूनला आदेश निघाला.

मला वाटलं होतं, आदेश हातात पडला की दुसऱ्या दिवशी बाई केस सोडून येतील. सगळ्यांनाच वाटलं होतं. पण पुढचा जून होताच, आणि त्याच्या पुढचा. थट्टा म्हणून बांधलेल्या फिती वर्षानुवर्षं बांधाव्या लागल्या. जुन्या विटल्या की नव्या. वर्गात मी जाता-येता पाहायची: फळ्यावर लिहिता लिहिता खडू संपायचा, हात सवयीनं डोक्याकडे जायचा, घट्ट चापलेल्या केसांवरून फिरायचा आणि रिकामा खाली यायचा. मग त्या एखाद्या मुलीला म्हणत, "जा वं पोट्टे, ऑफिसातून खडू आन." नदीचं ते वाक्य त्यांनी कधी सोडलं, कळलं नाही. एका वर्षी लक्षात आलं, की बऱ्याच दिवसांत ऐकलं नाही.

माझं गंगावन? ते मी बाणेदारपणानं सोडलं असेल असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही मला ओळखलं नाही. लग्न झालं, महालातली खोली सुटली, नवरा आपल्यातलाच, घरात मूर्ती स्वेटरखालून निघून शेल्फावर आली. तरी गंगावन होतंच. नवरा खुंटीकडे बोट दाखवून विचारायचा, "हे कोण पाहुणे टांगले आहेत?" पुढे एका मे महिन्यात मानेवर घामोळं उठलं तेव्हा ते सुटलं. आई गेली त्या वर्षी मी ते शोधलं, का ते सांगता येणार नाही. सापडलं नाही.

बाई कायम झाल्या, मुख्याध्यापिका न होताच निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी मी धीर करून म्हटलं, "बाई, आता तरी सोडा ना केस. आता कोण विचारणार?"

"आता सोडले तं डोकं दुखते वं," बाई म्हणाल्या. "सोडून पाह्यले घरी. झोपच नाही लागत." कानांच्या वर, जिथून वेण्या ओढल्या जात, तिथलं कपाळ बरंच मागे सरकलं होतं. तिथे केसच नव्हते.

तीन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. म्हातारी आई कधीच वारली होती. शेजारची एक बाई पगारावर सांभाळायला होती. मी कळल्यावर गेले, मेट्रोनं. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होते. इतक्या वर्षांची माफी, ती काय नुसती 'माफ करा' म्हणून मागायची?

बाईंनी मला बोलूच दिलं नाही. म्हणाल्या, "आली ते बरं झालं. हिच्यानं सारख्या वेण्या होत नाहीत. एक वर, एक खाली. तू गनिताची, तू घालून दे."

मी बसले त्यांच्या मागे. केस मूठभर, पांढरे, आणि फणी लावताच बोटाभोवती गोल होणारे. मी तेल लावलं, भांग पाडला, दोन वेण्या घातल्या, वर दुमडल्या, लाल फिती बांधल्या.

"घट्ट बांध," बाई म्हणाल्या. "शाळेत चालते तशी."

मग दर रविवारी. माफीची वाक्यं मी दर वेळी मेट्रोत जुळवायची आणि दर वेळी फणी हातात घेतली की ती राहायची. एका रविवारी फिती सोडून केस विंचरले आणि म्हटलं, "बाई, आज असेच ठेवू का? मोकळे?"

त्यांची मान किंचित कललेली. झटक्यामुळे, असं डॉक्टर म्हणायचे. मग तोंडाच्या एका कोपऱ्यातून हसल्या.

"ठराव झाला काय?"

"काय?"

"बांधाले अकरा सह्या लागल्या होत्या. सोडाले नाही लागत काय? जा, सह्या घेऊन ये. अन् या खेपेस तुही पयली पायजे."

मी हसले, वेण्या घातल्या, घट्ट बांधल्या आणि घरी आले. आणि मला ती कल्पना फार आवडली. किती छान, म्हटलं! बाईंना शोभेल अशी. नातीच्या वहीचा कागद फाडला, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'भूगोलाच्या शिक्षिकांनी केस मोकळे सोडण्यास आमची कोणतीही हरकत नाही.' खाली पहिली सही माझी. या खेपेस ती सरळ आली नाही.

अकरांपैकी आम्ही तिघी उरलो होतो. संगीताच्या बाई मुलाकडे पुण्याला. त्यांना मोबाइलवर सगळं लिहून पाठवलं. दोन दिवस वाट पाहिल्यावर त्यांनी नुसता अंगठा पाठवला. मी तो कागदावर काढून खाली लिहिलं, 'निशाणी अंगठा', आणि एकटीच हसले. राहिल्या शिवणाच्या बाई, महालात. त्यांना बुधवारी फोन केला तर सून म्हणाली, शनिवारी या, त्या दिवशी त्यांचं जरा बरं असतं. शनिवारी गेले. त्यांना ना बाई आठवत होत्या ना मी. लोणच्याची कृती मात्र आठवत होती. ती सगळी ऐकावी लागली. मग त्यांनी सही केली, माहेरच्या नावानं. मी कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि उद्या बाई काय म्हणतील याची मजा घेत घरी आले.

घरी निरोप आला होता. दुपारी जेवून झोपल्या, उठल्या नाहीत. म्हणजे मी महालात मेथी किती, मोहरी किती हे ऐकत होते तेव्हा.

मी पोचले तेव्हा आंघोळ झाली होती, पांढरी साडी नेसवली होती. सांभाळणारी बाई म्हणाली, "केस नाही सोडले, आजी. मागच्या रविवारी तुमीच घालून गेल्या होत्या त्याच वेण्या हायेत. आठवडाभर हलल्या नाहीत, लई घट्ट होत्या."

फीत सोडायला दोन बोटं लागतात. मी आठवडाभर सह्या गोळा करत होते.

मी दोन्ही सोडल्या. वेण्या उलगडल्या, बोटं फिरवली, उशीवर पसरून पाहिले. केस पसरले नाहीत. वेणीचाच पीळ धरून, वर दुमडल्यासारखे, कानांपाशी तसेच राहिले. बायका थांबल्या होत्या, उशीर होत होता. मी परत एकदा बोटं फिरवली आणि मग बाजूला झाले.

कागद त्यांच्याबरोबर द्यावा असं मनात आलं होतं. दिला नाही. खाली मुख्याध्यापिकेच्या सहीची जागा रिकामी होती, आणि अपुऱ्या सह्यांचा कागद पुढे पाठवायचा नसतो, एवढी शाळा माझ्यात अजून उरली आहे. तो पर्समध्येच आहे. फिती पण.